गरीब गाय

१

रोज सकाळी मी चपला पायात घालायला लागले की शिवणखोलीतून आत्याचा आवाज यायचा.

"उलथलीस का गं एकदाची? छत्री घेतलीस? नाहीच घेतलीस. डोकं तरी घेतलंस का बरोबर? आणि दिवेलागणीच्या आत घरात दिसली नाहीस ना, तर तंगड्या तोडून हातात देईन. ऐकतेस का, भवाने?"

"नाही ऐकत," असं म्हणून मी दार ओढून घ्यायची. मागे शिलाई मशीन पुन्हा खडखडायला लागायचं, आणि मग माझा दिवस सुरू व्हायचा.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आईवडील गेले तेव्हा मी इतकी लहान होते की त्यांचे चेहरे मला फोटोतलेच आठवतात. "हे कार्टं माझ्याच गळ्यात पडायचं होतं," असं सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणत आत्या मला घेऊन आली, आणि त्यानंतर मला सोडून ती कुठे एक दिवसही राहायला गेली नाही. लग्न केलं नाही, लोकांचे कपडे शिवले, मला शिकवलं. या प्रत्येक गोष्टीबद्दल तिने मला मनसोक्त शिव्या दिल्या.

तोंडाचा पट्टा सुरू झाला की दूधवाला पिशवी दारात ठेवून पळायचा. वरच्या मजल्यावरच्या काकूंचे ओले कपडे आमच्या खिडकीवर ठिबकायचे, त्यावरून दोघींची लढाई इतकी जुनी होती की इमारतीत नवीन राहायला येणाऱ्यांना तिची आगाऊ कल्पना दिली जायची. आत्याच्या जिभेला हाड नाही असं काकू म्हणत. मला तर वाटायचं की तिच्या जिभेत हाडाशिवाय दुसरं काही नाहीच.

पण मला ताप आला की ती उशाशी बसून कपाळावरच्या घड्या बदलायची, आणि बदलता बदलता मला, तापाला, डॉक्टरांना आणि माझ्या वडिलांच्या सगळ्या खानदानाला, म्हणजे स्वतःलाही, शिव्या घालायची. ग्लानीत मला शब्द कळायचे नाहीत. आवाज चालू आहे ना, एवढंच मी ऐकत असायची. माझं तिच्यावर फार प्रेम होतं. ते मी कधी बोलून दाखवलं नाही, कारण त्यावरही तिने शिव्याच दिल्या असत्या.

२

माझं काम विषाचं. जंतू शरीरात शिरून जे विष सोडतात ते कशाने तयार होतं आणि त्याचा त्यांना उपयोग काय, हे आमच्या प्रयोगशाळेत शोधतात. पद्धत सरळ आहे. जंतूतली एकच गोष्ट काढून टाकायची, बाकी सगळं होतं तसंच ठेवायचं, आणि बघायचं की काय बदललं. अशा बदललेल्या जंतूला आम्ही म्यूटंट म्हणतो.

"म्हणजे चांगल्या शिवलेल्या कपड्याचा एक टाका उसवायचा आणि कुठे फाटतं ते बघत बसायचं," आत्या म्हणाली होती. "रिकामटेकडे धंदे. आणि याचा पगार देतात?"

आमच्याकडे जंतूंना नावं ठेवायची पद्धत आहे. नंबर असतातच, पण नंबरांवर जीव जडत नाही. ज्याच्यापासून सगळे म्यूटंट काढले त्या मूळ जंतूला सगळे 'आई' म्हणतात. रक्त मिसळलेल्या लाल थाळीवर, म्हणजे जंतूंचं खाद्य ओतलेल्या काचेच्या बशीत, आई वाढवली की तिच्या प्रत्येक ठिपक्याभोवती एक स्वच्छ कडं पडतं, कारण तिच्या विषाने तिथलं रक्त विरघळलेलं असतं. मी शोधलेल्या म्यूटंटभोवती कडं पडत नाही. तो तसाच वाढतो, तितकाच, तसाच गोल, पण भोवतालचं रक्त जसंच्या तसं लाल. त्याचं नाव मी ठेवलं 'गरीब गाय', आणि पुढे सगळे नुसतं 'गाय' म्हणायला लागले.

गाय सापडली ती मखमलीमुळे. हजारो ठिपक्यांतून एक बिनविषारी शोधायचा तर एकेक उचलून कुठे बघणार? म्हणून गोल ठोकळ्यावर मखमलीचा तुकडा ताणून बसवतात. त्यावर जंतूंची थाळी पालथी दाबायची. मखमलीच्या लवेवर सगळ्या ठिपक्यांचा ठसा उमटतो, उलटा. मग त्याच मखमलीवर कोरी लाल थाळी दाबली की प्रत्येक ठिपका आपापल्या जागी पुन्हा उगवतो. दाबताना हात सरळ खाली न्यायचा, घसरू द्यायचा नाही, आणि सरळ वर उचलायचा. पहिली प्रत ठसठशीत येते, दुसरी फिकी, आणि पुढच्या थाळ्यांवर कमी कमी होत जातं.

मखमलीचे चौकोन आत्याच शिवून द्यायची. कडा दुमडल्या नाहीत तर धागे सुटतात आणि थाळीत पडतात. "जंतूंना मखमल आणि मला मांजरपाट," असं म्हणत ती इतक्या बारीक टाक्यांनी काठ शिवायची की आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम ते चौकोन हातात घेऊन नुसत्या बघत राहायच्या. एकदा नव्या तुकड्यांबरोबर मी काही जुनेही घरी नेले, कडा उसवलेले. त्यात गाय ज्या चौकोनावर सापडली तोही होता. धुतलेला, दाबाखाली वाफवलेला. त्यावर काहीही जिवंत नव्हतं. हे मी माझं शिक्षण पणाला लावून सांगू शकते.

३

त्या दिवशी मी दुपारीच घरी आले. शिवणखोलीत ऊन होतं. आत्या आरामखुर्चीत मागे रेलून झोपली होती आणि उजेड लागू नये म्हणून तिने तोंडावर मखमलीचा चौकोन घेतला होता. घोरण्याबरोबर मधला भाग वर-खाली होत होता. मला हसू आलं. तो जुना चौकोन आहे हे दिसल्यावर मात्र रागही आला, कारण प्रयोगशाळेतली वस्तू तोंडावर घ्यायची नाही हे तिला मी शंभरदा सांगितलं होतं.

मी चौकोन उचलला. सवयीने, सरळ वर.

मखमलीच्या लवेत तिचा चेहरा उमटला होता. नाकाचा खड्डा, बंद पापण्यांची वळणं, किंचित उघडं तोंड. मखमल दबते, त्यात नवल नाही. मी तळव्याने लव उलट्या बाजूने फिरवली. ती उभी राहिली आणि हळूहळू पुन्हा तशीच बसली.

आत्याचे डोळे उघडले. एरवी ती जागी होते तेव्हा आधी तोंड उघडतं, मग डोळे. आज डोळे उघडले आणि ती माझ्याकडे बघत राहिली.

"आलीस, बाळ?" ती म्हणाली.

तिने मला आजवर घोडी म्हटलं होतं, टवळी म्हटलं होतं, कार्टी, भवानी, अवदसा म्हटलं होतं. बाळ कधी म्हटलं नव्हतं. झोपेत आहे, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक चप्पल पायात घातली आणि दुसरी हातात धरून थांबले. शिवणखोलीत मशीन एका लयीत चालू होतं. मग ते थांबलं.

"सांभाळून जा हं, बाळ. उशीर झाला तरी काही हरकत नाही."

माझं 'नाही ऐकत' तोंडातच राहिलं. नकार द्यावा असं ती काही बोललीच नव्हती.

४

सगळे खूश झाले. दूधवाला दारात थांबून बोलायला लागला. काकू मुद्दाम खाली आल्या आणि मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "अगं, काल माझा टॉवेल तुमच्या खिडकीवर पडला तर तिने घडी करून वर आणून दिला! काय औषध दिलंस गं? मलाही सांग, आमच्या ह्यांना देते."

"काही दिलं नाही, काकू."

"मग देव पावला म्हण. चांगलं झालंय ते चांगलं झालंय. तू उगाच तोंड पाडून फिरू नकोस."

मला स्वतःचीच लाज वाटत होती. जिने आयुष्यभर माझ्यासाठी हाल काढले ती बाई म्हातारपणी जरा शांत झाली, आणि भाचीला तेही बघवत नाही! पण मनात शंकेची पाल चुकचुकत होती ती थांबेना. शेवटी मला जे येतं तेच मी केलं. एकेक गोष्ट बदलून बघायला लागले.

चहात साखरेऐवजी मीठ घातलं. ती घोट घेऊन म्हणाली, "वेगळा झालाय, छान आहे." ओली छत्री मशीनवर ठेवली, तिने ती उचलून पाणी पुसलं. तिच्या जुन्या कात्रीने मी तिच्यासमोर पुठ्ठा कापला. त्या कात्रीला कागद लावल्याबद्दल तिने एकदा माझ्या मैत्रिणीला घराबाहेर काढलं होतं. आता ती मान वाकडी करून बघत होती, कौतुकाने.

बाकी सगळं तिचंच होतं. गुडघा तोच दुखायचा, चष्मा तसाच नाकाच्या शेंड्यावर घसरायचा. मी लहानपणी कुठे पडले, कोणत्या बोटाला टाका पडला, सगळं तिला आठवत होतं. सांगताना ती हसायची. आधी ती गोष्ट सांगताना तिचा आवाज चिरकायचा आणि मग ती माझ्यावर डाफरायची.

डॉक्टरांनी तपासलं. रक्तदाब उत्तम, डोकं ठिकाणावर. "वय झालं की माणसं निवळतात," ते म्हणाले. आत्याने त्यांचे आभार मानले. ज्या डॉक्टरांना ती 'तो सुया टोचणारा कसाई' म्हणायची, त्यांच्या मुलांची चौकशी केली.

मी घरी येताना तिचा हात धरला होता. हात ओळखीचा होता, सुईने खरखरीत झालेली बोटं तीच. तरी रस्ता ओलांडताना मला मोठ्याने रडावंसं वाटत होतं. एकच गोष्ट नव्हती. बाकी सगळं होतं तसंच होतं.

५

प्रयोगशाळेत तेव्हा उंदरांवरचा प्रयोग चालू होता. काहींना आई टोचली होती, काहींना गाय. उंदीर सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे उंदीरमामा म्हणतात. माणूस गप्पिष्ट, पण उंदरांपाशी कुजबुजत बोलणारा.

"बघा, डॉक्टरीणबाई," ते मला पिंजऱ्यांपाशी नेऊन म्हणाले. "हे आईवाले. काय अवस्था होती यांची मागे! अंग फुगवून कोपऱ्यात बसले होते, ताप, डोळे चिकटलेले. आता बघा. जे वाचले ते खडखडीत बरे. आणि हे तुमचे गाईवाले. पहिल्या दिवसापासून मस्त. अंगावर तुकतुकी बघा कशी आहे."

तपासणी मी केली. आईवाल्या उंदरांमध्ये आई जवळजवळ शिल्लकच नव्हती, शरीराने लढून तिला बाहेर काढली होती. गाईवाल्या उंदरांमध्ये गाय सगळीकडे होती. यकृतात, फुप्फुसात, हाडांच्या पोकळीत. सूज नाही, ताप नाही, कुठे काही बिघडल्याची खूण नाही. मी लाल थाळ्या पुन्हा पुन्हा उजेडात धरून बघितल्या. शेकडो ठिपके, एकाभोवतीही कडं नाही.

मॅडम आनंदाने लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवत होत्या. "अगं, केवढी गोष्ट सापडलीय तुला! आपल्याला वाटत होतं विष म्हणजे हल्ला. पण शरीर त्या विषावरूनच ओळखतं की कोणीतरी परकं आलंय. विषच नाही म्हटल्यावर कोण आलंय ते कळणार कसं? दार उघडंच."

"आणि दोन्ही एकत्र सोडले तर?" मी विचारलं.

ते मॅडमनी आधीच करून ठेवलं होतं. उंदीरमामांनी त्या पिंजऱ्यातले नमुने आणून दिले. विष बनवायला आईला कष्ट पडतात, गाईचे ते कष्ट वाचतात, त्यामुळे गाय वाढत जाते आणि आई मागे सरत जाते. थाळीवर सगळीकडे गायच होती. फक्त काठाशी एक ठिपका होता, टाचणीच्या डोक्याएवढा, आणि त्याच्याभोवती बारीकसं स्वच्छ कडं.

"एक राहिलीय की कोपऱ्यात," मामा चष्मा वर करून म्हणाले. "चिवट आहे म्हातारी."

मी ती थाळी खाली ठेवली आणि तडक घरी निघाले.

६

जिन्यातच मला काकूंनी हाक मारली. आवाज इतका मऊ होता की मी आधी ओळखलाच नाही. त्यांच्या हातात मखमलीची डोळ्यांवर बांधायची पट्टी होती, कडेला बारीक टाके घातलेली.

"तुझ्या आत्याने शिवून दिली. दुपारी काय झोप लागते म्हणून सांगू! तूही घे हं, बाळ."

काकू मला बाळ म्हणत नसत. त्यांच्या नवऱ्यालाही एक पट्टी मिळाली होती. दूधवाल्याला मिळाली होती. इमारतीत कोणी कोणावर ओरडत नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. कुठे भांडं आपटत नव्हतं, कुठलं दार धाडकन लागत नव्हतं. सगळ्या मजल्यांवर माणसं होती आणि सगळीकडे शांत होतं.

घरात आत्या स्वयंपाकघरात होती, गुणगुणत. गुणगुणणं मला दारातूनच ऐकू येत होतं. त्याच वेळी बंद शिवणखोलीतून दुसरा आवाज येत होता. अगदी बारीक, तोंडावर पांघरूण घेऊन बोलल्यासारखा.

मी दार उघडलं. मशीन, खुर्ची, कापडांची थप्पी. आवाज थप्पीतून येत होता. शर्टाचं कापड, अस्तराचं कापड बाजूला करत गेले तसा तो जवळ आला, आणि सगळ्यात खाली तो जुना चौकोन होता. चेहरा अजून लवेत तसाच होता. तोंडाची जागा मात्र आता मिटलेली होती.

मी त्याला कान लावला. काहीच नाही. माझ्याच कानातलं रक्त वाजत होतं. मी शास्त्र शिकलेली बाई आहे, कापडाला कान लावून बसले आहे, असं मी मनाशी म्हटलं. थकवा, काळजी, अपुरी झोप. कारणं भरपूर होती आणि सगळी पटण्यासारखी होती.

"काय शोधतेस, बाळ?"

आत्या दारात उभी होती. हसत होती. तिच्या हातात पट्टी होती, नवी, माझ्यासाठी.

"काही नाही. सुई," मी म्हणाले.

"थकतेस किती. आज ही डोळ्यांवर घेऊन पड," ती म्हणाली, आणि माझ्या गालावरून हात फिरवला. तो हात लगेच बाजूला झाला नाही.

७

सुट्टीच्या दिवशी जेवण झाल्यावर ती आरामखुर्चीत झोपली. घोरत नव्हती. श्वास चालू होता, एवढंच. ओठ मिटलेले, त्यावर ते हसू, झोपेतसुद्धा.

मी थप्पीखालून चौकोन काढला. काय करते आहे हे मला नीट माहीत होतं आणि त्याला काही अर्थ नाही हेही माहीत होतं. पण मखमलीवर ठसा असेल तर तो कुठेतरी उमटवून बघायचा असतो. नाकाच्या खड्ड्यात नाक, पापण्यांवर पापण्या, नीट जुळवलं. हात सरळ खाली नेला. घसरू दिला नाही. तळव्याने हलकेच दाबलं.

मखमलीतलं तोंड हललं.

"जीव घेतेस काय गं, अवदसे!"

मी खाली बसले. "आत्या," मी म्हणाले, "आत्या, आत्या," आणि तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवून हमसून रडायला लागले.

"रडतेस काय, घोडे? मीठ घातलंस ना चहात? माझ्या कात्रीने पुठ्ठा कापलास! सगळं ऐकू येतं मला इथे. हात मोडले नाहीत तुझे! केस बघ कसे झालेत. जेवतेस का तरी?"

"जेवते."

"खोटारडी. आणि ही बया कोण घरात घेऊन ठेवलीस? काकूंशी गोड बोलते! माझ्या तोंडाने! त्या टॉवेलाची घडी केली तिने. माझी इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात घातली."

मी रडता रडता हसत होते. इतकं बरं मला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं. तिचं तोंड बघावं म्हणून मी मखमलीचा एक कोपरा हळूच वर उचलला.

खाली ओठ मिटलेले होते. हसत होते. एकही शब्द त्यातून येत नव्हता. आणि वर, माझ्या बोटांच्या चिमटीत, मखमल अजून बोलत होती.

"खाली ठेव," आत्या म्हणाली. पहिल्यांदाच तिच्या आवाजात शिवी नव्हती. "खाली ठेव पटकन. ती जागी होतेय."

मी चौकोन ओढून पाठीमागे लपवला. आत्याचे डोळे उघडले आणि माझ्यावर स्थिरावले.

"रडतेस का, बाळ?" ती म्हणाली. "ये, इकडे ये माझ्याजवळ."

८

त्यानंतर रोज ती झोपली की मी चौकोन ठेवायची. सकाळीही हे जमावं म्हणून मी उशिरा जाऊ लागले. ती न्याहारीनंतरही थोडी पडायची. मॅडमना काहीबाही सांगितलं. आत्या मला शिव्या द्यायची आणि मी उलट उत्तरं द्यायची, हळू आवाजात, एक डोळा त्या मिटलेल्या ओठांवर ठेवून. आमचं आयुष्यभराचं बोलणं आम्ही तेवढ्यात उरकत होतो. एकदा मी म्हणाले, "आत्या, माझं तुझ्यावर फार प्रेम आहे." ती म्हणाली, "एवढं सांगायला मला मखमलीत घालावं लागलं होय, मेले?"

पण प्रत्येक प्रत आधीच्यापेक्षा फिकी येते. हे मला शिकवायला कोणी नको होतं. रोज आवाज बारीक होत गेला. मधले शब्द गळायला लागले. लवेतलं नाक सपाट झालं, मग पापण्या. मी ठसा जपावा म्हणून एक दिवस ठेवलाच नाही चौकोन, तरी दुसऱ्या दिवशी तो तेवढाच आणखी पुसलेला होता.

शेवटच्या सकाळी मी बराच वेळ दाबून धरला. काही ऐकू आलं नाही. मग कान जवळजवळ टेकवला तेव्हा आलं, धाप लागलेल्या माणसासारखं.

"उलथ. छत्री घे. आणि आज गेलीस ना... की परत येऊ नकोस. इथे आता कोणी नाही. ऐकतेस का... भवाने?"

दिवेलागणीच्या आत घरी ये म्हणून आयुष्यभर माझ्या तंगड्या तोडायला निघालेली बाई, परत येऊ नकोस म्हणत होती. नेहमीचं उत्तर द्यायला मी तोंड उघडलं तेवढ्यात खुर्चीतली पापणी हलली. मी चौकोन थप्पीखाली सारला आणि बाहेर पडले.

"सांभाळून जा हं, बाळ," मागून आवाज आला.

दिवसभर मी प्रयोगशाळेत बसून होते. कुठेही जाता आलं असतं. उंदीरमामांनी विचारलं, "बरं नाही का?" मी त्यांच्याकडून ती थाळी मागून घेतली, काठाशी कडं असलेली, आणि उगाच बघत बसले. मग दिवे लागायची वेळ झाली आणि माझे पाय आपोआप घराकडे वळले. आत्याचं मी एकदा तरी ऐकलं होतं का?

जिन्यात काकू हसल्या. त्यांच्या मागे त्यांचे यजमान हसले. आमचं दार उघडंच होतं.

"आलीस, बाळ? बस." तिने मला खुर्चीत बसवलं, खांद्यांना धरून. "थप्पी आवरली आज. हा तुझा चौकोन किती मळला होता गं. धुतला, इस्त्री केली. आता बघ कसा झालाय."

तिच्या हातात मखमल होती. कोरी, सपाट. कडेला नवे टाके घातलेले होते. लवेवर नाक नव्हतं, पापण्या नव्हत्या, तोंड नव्हतं.

"डोळे मीट," ती म्हणाली, आणि मखमल माझ्या चेहऱ्यावर आणली. सरळ खाली, हात अजिबात न घसरवता.

माझं काळीज फाटलं होतं. त्या फाटक्यातूनच ते बाहेर आलं असावं. मी तिचं मनगट धरलं आणि ओरडले.

"उलथ तिकडे, मेले! माझ्या आत्याची मखमल धुतेस? हात मोडले नाहीत तुझे! पुन्हा माझ्या तोंडाजवळ आलीस ना, तर तंगड्या तोडून हातात देईन, अवदसे!"

आवाज माझाच होता. पण त्यातलं एकही अक्षर माझं नव्हतं.

तिचं हसू तसंच राहिलं. मनगट मात्र तिने मागे घेतलं, आणि इतक्या दिवसांत प्रथमच ती माझ्याकडे परक्या माणसाकडे बघावं तशी बघायला लागली. वर काकूंच्या घरातली चाहूल थांबली. सगळ्या इमारतीत कोणीतरी कान देऊन उभं आहे असं वाटलं.

आणि बंद शिवणखोलीत, जिथे कोणीच नव्हतं, मशीन एकदा खडखडलं. एकच टाका. मग थांबलं, कोणीतरी उत्तराची वाट बघत असावं तसं.

सकाळपासून घशात अडकलेलं उत्तर माझ्याकडे होतंच. समोरच्या बाईवरची नजर न काढता मी त्या दाराच्या दिशेने म्हणाले,

"नाही ऐकत."